भूपतगडाची चढाई

डोंगर चढायचा म्हटलं की आपल्याला हिमालय आठवतो. पण छातीवर येणारी चढण अनुभवायला एवढ्या लांब जायला नको. आपल्या जव्हार तालुक्यात, झाप गावाच्या पुढे भूपतगड उभा आहे. उंचीने मध्यमच, पण चढताना चांगलाच दम काढतो.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी चौथीच्या मुलांना घेऊन आम्ही शिक्षक गडावर गेलो. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात शिवरायांचे किल्ले वाचून झाले होते. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना महाराज जव्हारला शिरपामाळावर थांबले होते, हेही मुलांना माहीत होतं. त्यामुळे उत्साह दांडगा!

सुरुवातीला नागली-वरईची शेतं लागली. मग कारवीचं रान आणि त्यानंतर सुट्या मुरमाची खडी वाट. माझे बूट घसरायला लागले. पुढे चालणारी एक मुलगी, पायात साधी चप्पल, मागे वळून म्हणाली, "मॅडम, सरळ नका चढू. पाय आडवा टाका. कारवी बुडाशी धरा." तसं केलं आणि पाय ठरला. पाय आडवा टाकला की पूर्ण तळवा जमिनीला टेकतो, नागमोडी चाललं की चढ कमी होतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लाकूडफाटा आणताना तिच्या पायांनीच ते शिकून घेतलं होतं.

वर दगडात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. खाली पिंजाळ नदीचं खोरं दिसतं. ही नदी पुढे वैतरणेला मिळते. मुलं आपापले पाडे ओळखू लागली. त्या मुलीने मात्र दक्षिणेकडे बोट केलं. "तिकडं वाडा, त्याच्या पुढं भिवंडी. दिवाळी झाली की आम्ही तिकडंच जातो जगायला. भट्टीवर."

नकाशावरच्या दिशा शिकवायचा तास तिथेच थांबला.

त्याच आठवड्यात मी आणि मुख्याध्यापक तिच्या पाड्यावर गेलो. वडील म्हणाले, "भात कापून झाल्यावर इथं काम कुठं हाय, मॅडम? पोरीला ठेवली तर रातच्याला कुणाजवळ निजंल?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दुपारचं जेवण शाळेत मिळतं, पण रात्र मोठी असते. शेवटी आजी तयार झाली. मुलगी आजीजवळ राहिली. तिचा धाकटा भाऊ दुसरीत होता, तो मात्र आईवडिलांबरोबर गेला. तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून त्याच्याजवळ शिक्षण हमी कार्ड दिलं.

मित्रांनो, गावामागचा डोंगर एकदा तरी चढून बघा. वाट माहीत असलेल्याला पुढे चालू द्या, तो वयाने लहान असला तरी. आणि दिवाळीनंतर वर्गात एखादी जागा रिकामी दिसली, तर आपला सोबती कुठे गेला हे गुरुजींना जरूर विचारा.