गुंठ्याएवढा ठिपका

तुमच्या घरी शेत असेल तर आधी एक प्रश्न. तुमच्या वावराच्या तुकड्यांना नावे आहेत का?

आमच्या मामांच्या वावराला आहेत. मामांचे गाव बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात. रान सगळे मिळून नऊ एकर, पण त्यातच एक ‘काळी’, एक ‘मुरमाड’ आणि एक ‘चोपण’. काळी म्हणजे पाणी धरून ठेवणारी भारी जमीन. मुरमाड म्हणजे पाणी भराभर खाली सोडणारी हलकी जमीन. आणि चोपण म्हणजे क्षारांनी बिघडलेली. भिजली की चिकट आणि वाळली की दगडासारखी. ही नावे ठेवणाऱ्याजवळ कसले यंत्र नव्हते, पण माती त्याला नक्कीच कळत होती.

सगळा बीड जिल्हाच असा आहे. उत्तरेला गोदावरीकाठी खोल काळी माती. मधून बालाघाटचे डोंगर जातात. तिथे पाटोदा-आष्टीकडे कितीतरी ठिकाणी वीतभर खणले की मुरूम लागतो. मूळ खडक एकच, लाव्ह्यापासून झालेला काळा पाषाण. पण उतारावरची माती पावसाबरोबर वाहून गेली आणि सखल भागात साचली. म्हणून एका बांधाच्या दोन बाजूंनाही माती वेगळी असू शकते.

आता हा फरक आकाशातून पाहता येतो. कसा, ते सांगतो.

१७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह अवकाशात गेला. पिके, जंगल, पाणी, जमीन पाहणे हेच त्याचे काम. त्याच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साडेबहात्तर मीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा. हिशेब करा बरे! साधारण ५२ गुंठे. म्हणजे एक एकर बारा गुंठ्यांचे शेत आणि चित्रात नुसता एक ठिपका!

२०१५ पासून सोडलेले युरोपचे सेंटिनेल-२ मालिकेतले उपग्रह ७८६ किलोमीटर उंचीवरून पाहतात, आणि त्यांचा सर्वांत बारीक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एका एकराचे ४० ठिपके! दर पाच दिवसांनी नवे चित्र येते आणि ते कोणालाही फुकट पाहता येते. ढग आले की मात्र या कॅमेऱ्यांना खालचे काही दिसत नाही.

निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. पान आजारले की हे प्रमाण बदलते. उपग्रह ते मोजतो आणि संगणक त्याचे रंग करतो. उन्हाळ्यात रान मोकळे असले की उघडी मातीही दिसते. ओलसर, सेंद्रिय कर्ब जास्त असलेली माती गडद. वर क्षार फुटलेली माती पांढुरकी.

मग माती तपासायची गरजच काय? इथेच खरी गंमत आहे.

एकदा मामांच्या सोयाबीनमध्ये पिवळा पट्टा पडला. मोबाइलवर चित्र उघडले तर काळी आणि चोपण यांच्या मध्ये आठ ठिपके फिके. म्हणजे आठ गुंठे.

मामा म्हणाले, “अरे, नत्र कमी पडलंय. युरियाचं एक पोतं टाकूत.”

मी म्हटलं, “मामा, थोडं थांबा. पिवळं कुठं आहे ते या चित्रानं सांगितलं. का आहे ते कुठं सांगितलंय?”

नत्र कमी पडले तरी पान पिवळे पडते, पाणी साचून मुळे गुदमरली तरी पडते आणि लोह मिळाले नाही तरी पडते. जवळजवळ आठशे किलोमीटरवरून तिन्ही सारखीच दिसू शकतात. आम्ही जवळ जाऊन पाहिले, तर कोवळी पानेच पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या.

मग नमुना घेतला. पट्ट्यात नागमोडी चालत सात-आठ ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारखे वीतभर खड्डे केले आणि त्यांच्या कडेची माती घमेल्यात जमवली. बांध, झाड, विहीर आणि उकिरडा टाळला. माती मिसळून तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन काढून टाकले, आणि असे अर्धा किलो उरेपर्यंत करत गेलो. सावलीत वाळवून, कापडी पिशवीत भरून नमुना प्रयोगशाळेत दिला.

अहवाल आला. चुनखडी जास्त, सामू ८.४, लोह कमी. सामू ७ च्या वर म्हणजे माती आम्लारीधर्मी. अशा चुनखडीच्या जमिनीत लोह असले तरी मुळांना ते उचलता येत नाही. युरियाचे पोते फुकट गेले असते! मामांनी कृषितज्ज्ञांना विचारून हिराकसाची फवारणी केली. सगळे पीक काही सावरले नाही, पण नवी पालवी हिरवी आली.

१९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झालेल्या योजनेत शेतकऱ्यांना जमीन आरोग्य पत्रिका मिळू लागली. तिच्यात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, जस्त, लोह अशा १२ गोष्टींची नोंद असते. सुरुवातीला मात्र कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे एक नमुना घ्यायचा, असा नियम होता. दहा हेक्टर म्हणजे जवळजवळ २५ एकर! तेव्हा तुमच्या वावराची पत्रिका शेजाऱ्याच्या मातीवरूनही लिहिलेली असू शकते. म्हणून उपग्रहाचे चित्र पाहून, जिथे रंग वेगळा तिथला नमुना वेगळा घेणे शहाणपणाचे.

एका पोत्याचे एवढे काय, असे वाटेल. पण बीडमधली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि कितीतरी मुलांची शाळा मध्येच सुटते. जिथे घर एका पिकावर तग धरून असते, तिथे आठ गुंठेही थोडे नसतात.

आता तुमचे काम. आजी-आजोबांना वावराच्या तुकड्यांची नावे विचारा आणि कागदावर नकाशा काढा. मग आईबाबांच्या मोबाइलवर उन्हाळ्यातले उपग्रहाचे चित्र शोधून शेजारी ठेवा. नावे आणि रंग कुठे जुळतात, कुठे नाही, ते पाहा. जिथे जुळत नाहीत, तिथे टिकाव घेऊन जा!