चालढकल आणि काडीमाणसांचा स्वर्ग

चालढकल करणारा मनुष्य आळशी असतो, हा समज एकदा तपासून पाहण्याजोगा आहे. आळशी मनुष्य काहीच करीत नाही. चालढकल करणारा अतोनात कष्ट करतो, फक्त नेमके हाती घेतलेले काम सोडून. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर असता पुस्तकांची कपाटे विषयवार लावून होतात. प्रबंधाचे प्रकरण अडले की दहा वर्षांची कात्रणे वहीत चिकटवून होतात. आमच्या वाचकांत अध्यापक आणि विद्यार्थीच बहुसंख्य असल्याने आणखी उदाहरणांची गरज नसावी. आमच्या वाट्याला आलेली चालढकल सचित्र होती. एका पावसाळ्यात आम्ही रात्रीमागून रात्री जागून एक इंग्रजी वेबकॉमिक सलग वाचले.

‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ हे त्याचे नाव. रिच बर्लू या अमेरिकन लेखक-चित्रकाराने ते सप्टेंबर २००३मध्ये जालावर सुरू केले. वाटोळे डोके आणि काड्यांचे हातपाय एवढ्यावर त्यातील माणसे उभी आहेत. कथेला आधार ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. चारसहा मंडळी टेबलाभोवती बसतात. कुणी योद्धा होतो, कुणी चोर, कुणी मांत्रिक. एक जण सूत्रधाराचे काम पाहतो आणि घाव बसला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. राक्षस मारला की अनुभवगुण मिळतात. गुण साठले की पात्र वरच्या पातळीवर चढते. बर्लूची खुबी अशी की त्याच्या पात्रांना हे सारे नियम ठाऊक आहेत. पहिल्याच पट्टीत खेळाचे सुधारित नियम लागू होतात आणि पात्रांना आपल्या अंगी झालेले फेरफार तत्क्षणी जाणवतात. सूत्रधार आणि विदूषक यांच्या जोडीवर पोसलेल्या मराठी नाट्यरसिकास हा प्रकार मुळीच परका वाटू नये.

अडलेल्या लेखकास या जगाची भूल का पडावी? एक कारण उघड आहे: तेथे श्रमाचा हिशेब लागतो. इतके राक्षस, इतके गुण, अमुक पातळी. प्रबंधाच्या प्रकरणावर महिनाभर झुरलेल्या विद्यार्थ्यास आपण कोणत्या पातळीवर आहोत हे कोण सांगणार? दुसरे कारण रूपबंधाचे. छापील कादंबरीत उजव्या हाताखालची पाने पातळ होत जातात आणि वाचकास निरोपाची चाहूल लागते. वेबकॉमिकच्या संग्रहास अशी जाडी नसते. एक पट्टी, तिच्या शेवटी एक विनोद, त्याखाली पुढच्या पट्टीचा दुवा. प्रत्येक टिचकीसरशी काहीतरी पुरे झाल्याचे समाधान मिळते आणि जे पुरे करावयाचे असते ते तसेच राहते. पट्ट्यांची संख्या १३००हून अधिक असल्याने हे समाधानही दीर्घकाळ पुरते.

परंतु आम्हांस खिळवून ठेवले ते यापलीकडच्या एका प्रसंगाने. कथेचा नायक रॉय ग्रीनहिल्ट हा योद्धा युद्धात मारला जातो. स्वर्गाच्या दाराशी एक देवदूत कचेरीतल्या कारकुनासारखी त्याच्या आयुष्याची फाइल उघडते. त्याचे दोष ती एकेक करून वाचते. त्याला आत घेते ते मात्र त्याने चांगले वागण्याचा प्रयत्न सोडला नाही म्हणून. आत त्याची आई आहे, आजोबा आहेत. लहानपणीच वारलेला धाकटा भाऊ आहे, आणि तो अजून तेवढाच लहान आहे. रॉय त्याच्याशी खेळत बसतो. खाली त्याचे सोबती विखुरले आहेत, खलनायक मोकळा आहे, त्याला परत जावयाचे आहे; पण तेथे काळाचे भानच राहत नाही. किती महिने उलटले हे कळते, तेव्हा तो चपापतो.

येथे आमच्या अडलेल्या कामाविषयी सांगणे प्राप्त आहे. आमचा एक मित्र, उत्तम समीक्षक, अकाली गेला. त्याच्या वह्यांतील टिपणांचे संपादन करून प्रस्तावना लिहिण्याचे काम त्याच्या पत्नीने आमच्याकडे सोपवले होते. वह्या पाच होत्या. त्या आम्ही वाचल्या होत्या, पुन्हा वाचल्या होत्या, समासात त्याच्याशी पेन्सिलीने वादही घातले होते. प्रस्तावना लिहावयास बसले की मात्र पहिल्याच वाक्यात त्याच्याविषयी भूतकाळी क्रियापद येई. टिपणे उघडी असेतो संवाद चालू होता. प्रस्तावनेनंतर त्याचे पुस्तक होणार होते. आम्ही लांबणीवर टाकत होतो ते लेखन नव्हतेच. मृत भावाशेजारी बसलेल्या रॉयला काय झाले आहे, हे समजण्यासाठी आम्हांस त्या खेळाच्या एकाही नियमाची गरज पडली नाही.

बर्लूने तो स्वर्ग खोटा ठरवलेला नाही, ही त्याची समज. तेथील माया खरी आहे, भाऊ खरा आहे; खालच्या माणसांची गरजही तितकीच खरी आहे. चालढकलीवर लिहिणारे बहुधा वेळेच्या नासाडीचा हिशेब मांडतात. माणूस जेथे रेंगाळतो तेथे त्याचे कोण आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

रॉयचा मृत्यू आणि त्याचे पुन्हा जिवंत होणे यांत दोनशेहून अधिक पट्ट्यांचे अंतर आहे. मूळ वाचकांनी तेवढ्यासाठी सुमारे दोन वर्षे वाट पाहिली. आम्ही ते दोन रात्रींत ओलांडले. पुढे २०१२ साली बर्लूच्या हाताला गंभीर दुखापत झाली आणि चित्रे काही काळ थांबली. सलग वाचणाऱ्यास तो खंड दिसतही नाही. एका टिचकीत तो मागे पडतो. अखेर आम्ही तोवर प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या पट्टीशी पोहोचलो. कथा संपलेली नव्हती, पण दुवाही उरला नव्हता. आता इतरांसारखी आम्हांसही वाट पाहणे आले.

प्रस्तावना त्यानंतरच्या आठवड्यात लिहून झाली. भूतकाळी क्रियापदांसह ती नऊ पाने भरली. पाचव्या वहीतील अखेरचे टिपण एका वाक्याच्या मध्येच तुटले आहे. ते वाक्य पूर्ण करून द्यावे, असे प्रकाशकाने सुचवले होते. मित्राला काय म्हणावयाचे होते, याचा अंदाज आम्हांस होताही. पुस्तकात ते तुटलेलेच छापले आहे.