दोन प्रती

वडिलांच्या रोजनिश्या वाळवीनें खाल्ल्या. तत्पूर्वीं त्यांतील पानांचीं सुमारें चार हजार चित्रें स्कॅनरनें उतरून घेतलेलीं होतीं, एवढेंच काय तें आमचें सुदैव. तीं दोन ठिकाणीं ठेविलीं होतीं: माझ्या टेबलावरील हार्ड डिस्कवर, आणि ॲमेझॉन कंपनीच्या ‘एस-थ्री’ नांवाच्या दूरच्या कोठारांत. डिस्क थकली होती. ती मोडींत काढण्यापूर्वीं कोठारांतली प्रत तिच्याबरहुकूम आहे कीं नाहीं, हें पाहणें प्राप्त होतें.

दोन प्रती सारख्या आहेत असें म्हणणें किती जोखमीचें असतें, हें पाठभेदांच्या वाटेला गेलेला मनुष्यच जाणे. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताच्या प्रती ताडून पाहण्याचें काम १९१९ सालीं सुरू झालें, तें १९६६ सालीं पुरें झालें. माझें काम एका रात्रीचें. पण प्रश्न तोच. सारखें म्हणजे काय?

ॲमेझॉनचें स्वतःचें ‘सिंक’ हें साधन फाइलीचा आकार आणि तारीख पाहून समाधान मानतें. नव्या फाइली पोंचत्या करावयास तेवढें पुरेसें आहे. परंतु फाइलींतला एखादा भाग बिघडला तरी आकार तोच राहूं शकतो. माणसाचें वजन करून त्याची प्रकृति ठरविण्यापैकींच हें!

म्हणून मीं ‘आरक्लोन’चा आश्रय केला. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकणारा इंग्रजीचा प्राध्यापक पाहून विद्यार्थ्यांना हंसूं येतें; मला मात्र ती भाषा फार सभ्य वाटते. विचारावें तेवढ्याचेंच ती उत्तर देते. ‘चेक’ म्हटलें कीं दोन्हीं बाजूंच्या फाइलींचे ठसे ती ताडून पाहते. हा ठसा बहुधा ‘एमडी५’ पद्धतीचा, म्हणजे रॉन रिव्हेस्ट यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीचा असतो: सगळी फाइल गणितांतून काढून उरलेलीं बत्तीस चिन्हें. दोन निराळ्या फाइलींचा एकच ठसा मुद्दाम घडवितां येतो, हें २००४ सालीं सिद्ध झालें आहे. पण गंजत चाललेली डिस्क कांहीं कारस्थान करीत नाहीं.

नांवांची गंमत निराळीच. दोन्हीं याद्या मीं आधीं ‘डिफ’नें ताडल्या, तों ‘कऱ्हाड’ असलेलीं सारीं नांवें वेगळीं निघालीं. डोळ्यांना कांहींच फरक दिसेना. ॲपलच्या जुन्या धाटणीची माझी डिस्क ‘ऱ’ हें अक्षर ‘र’ आणि नुक्ता असें फोडून ठेवते. कोठारांत नांवें गेलीं तीं दुसऱ्या संगणकावरून, तेथें तें अखंड राहिलें. आरक्लोन हा तंटा आपण होऊनच मिटवितें.

निकाल आला: फरक शून्य. त्याखालीं आणखी एक ओळ होती, आणि खरी मेख तींतच होती: बहुतेक फाइलींचे ठसे तपासतां आले नाहींत. कारण असें कीं, ॲमेझॉनचें साधन आठ मेगाबाइटांपासून पुढच्या फाइली तुकडे करून पाठवितें. मग कोठारांत राहतो तो तुकड्यांच्या ठशांवरून केलेला ठसा, शेवटीं आडवी रेघ आणि तुकड्यांची संख्या. सबंध फाइलीच्या ठशाशीं तो जुळावयाचा कसा? माझीं चित्रें वीस-वीस मेगाबाइटांचीं. म्हणजे आरक्लोननें त्यांचा केवळ आकारच पाहिला होता. वरची ओळ वाचून उठणारे गृहस्थ पुष्कळ असतील.

आतां एकच उपाय उरला: ‘डाउनलोड’ हा शब्द आज्ञेला जोडणें. मग ठशांवर विसंबणें नाहीं. कोठारांतली प्रत्येक फाइल आणवून डिस्कवरच्या फाइलीशीं अक्षरशः ताडावयाची. यास वेळ लागतो, आणि मर्यादेबाहेर माल बाहेर काढला तर कंपनी पैसेही घेते. मीं आज्ञा दिली व निजलों.

सकाळीं यादींत बरोबरीच्या चिन्हांची रांग लागली होती. मध्येंच एक तारका दिसली: पान दोन्हींकडे आहे, पण वेगळें. १९७२ च्या दुष्काळांतलें तें पान. डिस्कवरची प्रत उघडली, तों खालचा अर्धा भाग करडा पडलेला. जिला मी इतके दिवस मूळ प्रत म्हणत होतों, तीच बिघडली होती. कोठारांतलें पान उघडलें. तें अखंड होतें. खालच्या अर्ध्यांत ज्वारीचा भाव होता, आणि विहीर आटल्याची तारीख.