स्प्रिंगवरची साय

जखम भरून आली की आपण निश्चिंत होतो. हृदयाच्या धमनीत मात्र 'भरून येणं' हा शब्द घोळ घालतो. जखम भरता भरता धमनीच भरली, तर रक्ताची वाट पुन्हा बंद. तिथे हवी असते फक्त साय. दुधावर धरते तशी, पातळ आणि सलग.

हे सगळं मी वाचलं ते अण्णांमुळे. राहुरीत रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. हार्ट अटॅक आला, नगरला नेलं, एक स्टेंट टाकला. आमच्याकडे त्याला 'स्प्रिंग' म्हणतात. चौथ्या महिन्यात दाढ ठणकायला लागली. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू होत्या. कुणीतरी सुचवलं, आठवडाभर गोळ्या बंद करा आणि दाढ काढून टाका. अण्णांना ते पटलं. "छातीत काय दुखत नाही, जिना चढतो. बरा झालो की!"

पण धमनीतली जखम दुखून काही सांगत नाही. ती आत जाऊन बघावी लागते.

१९७७ साली आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिचमध्ये फुग्याने पहिल्यांदा हृदयाची धमनी उघडली. १९८६ मध्ये पहिले स्टेंट बसले. ते नुसत्या धातूचे होते. त्यांच्यावर पेशी इतक्या जोमाने वाढत, की अनेकांची धमनी पुन्हा अरुंद होई. मग औषध लावलेले स्टेंट आले. त्यातलं सिरोलिमस हे औषध ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. त्याने वाढ रोखली, पण काही जणांत गरजेपेक्षा जास्त. तारा महिनोन्महिने उघड्या राहिल्या. उघड्या तारेवर रक्ताची गुठळी धरू शकते. २००६ च्या सुमारास जगभरचे डॉक्टर याच काळजीत होते.

अँजिओग्राफीत दिसते ती फक्त रक्ताच्या वाटेची सावली. अल्ट्रासाउंडची बारीक नळी धमनीत घातली तर साधारण १०० मायक्रॉनपर्यंतचं दिसतं. ओसीटी मात्र प्रकाशाने बघते. डाय सोडून काही सेकंद रक्त बाजूला सारायचं आणि नळी मागे ओढत चित्रं घ्यायची. त्यात १० ते २० मायक्रॉनचा फरकही कळतो. आपला केस साधारण ७० ते १०० मायक्रॉनचा. आता एकेक तार तपासता येते. साय धरली का? किती जाड? तार भिंतीला टेकली आहे का?

असं बघूनच वेगवेगळ्या स्टेंटची तुलना झाली. पहिल्या औषधी स्टेंटच्या तारा १४० मायक्रॉनच्या आसपास होत्या. नव्या ६० ते ८० च्या, आणि त्या लवकर झाकल्या जातात. विरघळणाऱ्या स्टेंटवर मोठी आशा होती. पण त्यातल्या प्रसिद्ध ॲब्सॉर्बच्या पट्ट्या जाड होत्या, आणि विरघळताना काही ठिकाणी त्या सुटून धमनीत लोंबल्याचं ओसीटीत दिसलं. गुठळ्यांचं प्रमाणही जास्त निघालं. २०१७ मध्ये त्याची विक्री थांबली.

हे मायक्रॉन अण्णांना कसे सांगणार? मी विचारलं, "अण्णा, कलमाची पट्टी कधी सोडता तुम्ही?"

"सांधा जुळल्यावर."

"वरून कळतो का जुळलेला?"

"न्हाई. फूट जोमात आली तरी सांधा कच्चा असतो."

"आणि पट्टी सोडलीच नाही तर?"

"काचते ना. तिथंच मोडतं मग."

गोळ्यांचंही तसंच आहे. लवकर सोडल्या तर गुठळीचा धोका, गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्या तर रक्तस्रावाचा. अटॅकनंतर दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर देतात. कुणाला कमी, कुणाला जास्त, हे डॉक्टर ठरवतात. आम्ही हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. ते दातांच्या डॉक्टरांशी बोलले. गोळ्या चालू ठेवूनच दाढ निघाली. टाका घातला, कापूस जरा जास्त वेळ दाबून धरला, एवढंच.

अण्णांच्या धमनीत कुणी ओसीटी केलेली नाही. त्यांच्या स्प्रिंगवर साय धरली की नाही, हे कुणीच पाहिलेलं नाही. तरी तारांवर साय साधारण कशी धरते हे सांगता येतं, कारण जगात कुठेतरी शेकडो माणसं, काही दुखत नसताना, सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा त्याच टेबलावर झोपली आणि म्हणाली, बघा आत. त्यातल्या एकालाही राहुरी माहीत नसेल.