खेळातला उद्या

'ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स' हा खेळ 20 मार्च 2020 रोजी आला आणि पाचच दिवसांत भारतभर टाळेबंदी लागली. यातले खेळाडूचे बेट खेळाच्या यंत्रातल्या घड्याळावर चालते. पुलाचे पैसे भरले, तरी तो दुसऱ्या दिवशीच उभा राहतो. घड्याळ पुढे सरकवले की हा उद्या आत्ताच मिळतो, पण फुकट नाही. तण माजते, घरात झुरळे होतात. रविवारी घेतलेले सलगम आठवड्याने सडतात. घड्याळ मागे नेले तर लगेच. एप्रिल 2020 मध्ये बचतीवरचे व्याजही घटवले गेले, त्यामुळे वर्षे उडवून श्रीमंत होण्याची वाट अरुंद झाली.

दमणगंगेकाठच्या सिल्वासात घड्याळ पुढे सरकवण्याचा मोह आणखी वाढतो. खेळात उत्तर गोलार्ध निवडला तर 1 ते 10 एप्रिल चेरी फुलते. इथे तेव्हा ऊन तापलेले असते. जुलैच्या संततधारेत बर्फाचा डिसेंबर गाठावासा वाटणे स्वाभाविकच. तरी उडी मारणाऱ्याच्या हातून बेटावरच्या शेजाऱ्यांची रोजची गाठ सुटते, आणि खेळाचा जीव तिच्यातच आहे. कारखान्यात पाळीने काम करणाऱ्याने मात्र घड्याळ काही तास खुशाल हलवावे: बेटावरचे दुकान रात्री 10 ला बंद होते, आणि त्याला सवड तेव्हाच मिळते.