राखणदार

ज्याच्या घरी चोरण्याजोगे काही नाही त्याच्यासारखा सुखी तोच, असे आपली जुनी माणसे म्हणत. मात्र असे म्हणतानाही रात्री दाराला आडणा घालायला ती विसरत नसत! चोराची भीती ही मोठी गमतीची गोष्ट आहे. ती आपल्या वस्तूच्या किमतीवर मुळीच अवलंबून नसते. ती अवलंबून असते शेजाऱ्याकडे झालेल्या चोरीवर.

गेल्या वर्षी ऐन श्रावणात आमच्या सोसायटीतून एक मोटारसायकल रातोरात नाहीशी झाली. दांडीचे कुलूप लावलेले होते. पण ते सराईत माणसाला फार वेळ अडवीत नाही, हे त्या दिवशी सर्वांना कळले. पुढच्या पंधरवड्यात इमारतीतल्या बहुतेक दुचाक्यांना भोंगे बसले. 'अलार्म' हे त्याचे शाळेतले नाव. आमच्या जिन्यावर त्याला भोंगाच म्हणतात. राहिली ती माझी गाडी.

"सगळ्यांच्या गाड्या ओरडणार आणि आपली तेवढी मुकी! चोर काय आंधळा असतो?" हा आमच्या हिचा बिनतोड सवाल. चिरंजीवांनी तर माझ्या काटकसरीवर एक छोटेखानी व्याख्यानच दिले. शेवटी एका रविवारी मी नाना पेठेतल्या एका दुकानात जाऊन बसलो.

दुकानदार मोठा रसिक होता. त्याने ती डबी माझ्या तळहातावर ठेवली आणि तिचे गुण वर्णायला सुरुवात केली. ही बैठकीखाली दडते. हिच्या पोटात एक कंपन ओळखणारा तुकडा असतो. गाडीला कोणी हात लावला, हलवली, की तो जागा होतो आणि कर्णा वाजू लागतो. आवाज शंभर डेसिबलच्या वर! मला एकदम आठवले, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंतची मर्यादा 45 डेसिबलची आहे. पण कायद्याची आठवण गिऱ्हाइकाने करून द्यायची नसते. मी निमूटपणे त्या डबीसोबतचा कागद वाचू लागलो.

कागदावर बारीक अक्षरात लिहिले होते, की पहाऱ्यावर असताना ही डबी 20 मिलिअँपिअर वीज खाते. आकडा किती गरीब दिसतो! पण चोवीस तासांचा हिशेब केला तर जवळजवळ अर्धा अँपिअर-तास होतो. माझ्या गाडीची बॅटरी 9 अँपिअर-तासांची. म्हणजे आम्ही मे महिन्यात कोकणात जाऊन तीन आठवडे आंबे खाणार आणि इकडे राखणदार बॅटरी खाऊन बसणार. परत आल्यावर गाडी जागेवर असेल खरी, पण ती चोराला नेता येणार नाही तशी मलाही नेता येणार नाही!

"मग विमा आहे की," दुकानदार म्हणाला. विम्याचीही एक गंमत आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा, तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. चोरीसाठी निराळा हप्ता भरावा लागतो. मी तो भरतो. पण पाच वर्षांच्या गाडीची विम्यातली किंमत निम्म्यावर येते आणि माझी गाडी तर त्याहून वडील. शिवाय चोरी झाल्यावर पोलिसांत फिर्याद हवी आणि बहुधा गाडीच्या दोन्ही किल्ल्याही हजर कराव्या लागतात. आमच्या घरात दुसरी किल्ली शोधणे हे चोर शोधण्याइतकेच अवघड काम आहे.

विचार करतो, असे सांगून मी घरी आलो. वर्गात त्या आठवड्यात 'मृच्छकटिका'विषयी बोलायचे होते. शूद्रकाचा शर्विलक चारुदत्ताच्या घरात शिरतो तेव्हा भिंतीचे माप घ्यायला दोरी विसरलेला असतो म्हणून जानवे वापरतो, हे मुलांना फार आवडते. मला या वेळी दुसरीच गोष्ट अडवून बसली. त्या घराचे जुने दार करकरते आणि शर्विलक त्यावर पाणी शिंपडतो. करकरणारे दार हाच त्या काळचा भोंगा! चारुदत्ताची माणसे जवळच झोपली होती. दार मोठ्याने करकरले असते तर कोणीतरी उठले असते. भोंग्याची सारी भिस्त या 'कोणीतरी'वर आहे.

आमच्याकडे काय झाले? पहिल्या रात्री मांजराने एका गाडीवर उडी मारली आणि साऱ्या इमारतीचे दिवे लागले. दुसऱ्या रात्री निम्मे लागले. पुढे कचऱ्याची गाडी, पावसाची सर, वरून पडलेला नारळाचा झाप, काहीही पुरेसे होऊ लागले; आणि लोक कूस बदलून झोपू लागले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तर कोणीतरी एक लड लावली मात्र, ओळीने साऱ्या गाड्यांनी असा आक्रोश मांडला, की त्या वेळी एखाद्याने गाडी हाताने ढकलत नेली असती, तर आम्ही त्याला वाट करून दिली असती.

मला वाटत होते, आता कोणीच उठत नाही. पण एक माणूस उठत होता.

गाड्या उभ्या असतात त्या जागेला लागूनच तळमजल्यावर अप्पांची खिडकी आहे. वय अठ्ठ्याहत्तर, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, घरात एकटेच. मी त्यांना सहज विचारायला गेलो, की भोंगा बसवू म्हणतो, तुम्हाला त्रास होईल का?

"छे हो सर, बसवा की!" ते म्हणाले. "वाजला की मी बाहेर येऊन बघतो. बाकी कोणी येत नाही ना आताशा, म्हणून मलाच यावं लागतं. परवा रात्री तीनदा आलो. काठी दाराशीच ठेवलीय."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. थोडा अभिमानच होता. मी मात्र त्या काठीकडे पाहत राहिलो. दोन हजार रुपयांची ती डबी नुसती हाक मारते. राखण करायला अंगणात उतरतो तो हा म्हातारा, पायऱ्या चाचपडत, अंधारात. आणि खरोखरच एखाद्या रात्री चोर असला तर?

दुसऱ्या दिवशी मी एक जाडजूड साखळी आणि तसेच कुलूप आणले. मागच्या चाकातून ओवून ती लोखंडी खांबाला बांधतो. रोज वाकावे लागते, हात काळे होतात आणि चिरंजीव तिला 'गुरांचं दावं' म्हणतात. साखळी तोडणारेही असतात, हे मला ठाऊक आहे. गाडी जायची असेल तर जाईल. त्या नुकसानीचा हिशेब मला मांडता येतो. सोसायटीच्या सभेत इतरांच्या भोंग्यांची संवेदना कमी करून घेण्याचा ठराव मी मांडला आहे. तो तीन सभा 'विचाराधीन' आहे.

अप्पा मात्र माझ्यावर किंचित नाराज आहेत. "तुमची गाडी बोलतच नाही, सर," ते परवा म्हणाले. "तिच्याकडे लक्ष कसं ठेवायचं?"