पळून चाललोय का?

2019च्या पावसाळ्याआधी मी एका रिसॉर्टचे फोटो, मेनूकार्ड आणि हायवेवरचे बोर्ड करून दिले. रिसॉर्ट पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर, मालक महाडच्या बाजारपेठेत रोज भेटणारा. दर तोंडी ठरला. विसार मागायला मला लाज वाटली.

पैसे हातात येईपर्यंत फक्त वॉटरमार्क टाकलेले नमुने दाखवायचे, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण फ्लेक्सवाला खोळंबलाय म्हणून रात्री मालकाचा फोन आला आणि मी खुल्या फायलींसकट सगळं पेन ड्राइव्हवर भरून दिलं. बोर्ड झळकले. मग सुरू झालं, "देतो रे, पळून चाललोय का?" आधी पाऊस आडवा आला, मग लग्नसराई, मग लॉकडाऊन. मी जरा आवाज चढवला, तेव्हा त्याला रंग पहिल्यांदाच भडक वाटले. बोर्ड मात्र उतरले नाहीत. काम पसंत असल्याचा एक साधा मेसेज मी तेव्हाच मागून घेतला असता, तर हे ऐकावं लागलं नसतं.

22 जुलै 2021ला सावित्री नदीचं पाणी महाडमध्ये शिरलं. माझं बिलबुक, कॉम्प्युटर सगळं गेलं. महाड तालुक्यातल्या तळियेत दरडीखाली माणसं गेली होती. त्या दिवसांत उधारी कोण मागणार? रिसॉर्टच्या वाटेवरचा आंबेनळी घाट खचला, मालकाची गिऱ्हाइकं थांबली, हेही खरं. पण बुडालो होतो मी आणि कीव करत होतो त्याची.

सूक्ष्म उद्योगांचा 2006चा कायदा बिरवाडीकडच्या केमिकल कंपन्यांसाठी असतो, अशी माझी समजूत होती. पण माझ्यासारख्या एकट्यालाही तो लागू होतो : लेखी मुदत नसेल तर 15 दिवसांत, असली तरी फार तर 45 दिवसांत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. नोंदणी फुकट. तेव्हा उद्योग आधार होतं, आता उद्यम आहे. मी ती फार उशिरा केली, आणि जुन्या बिलाला ती लागू पडेल का, यावर वकिलाने नुसती मान हलवली. दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षं. कोरोनामुळे कोर्टाने दिलेली सवलतही तोवर सरली होती, आणि तोंडी वायद्यांनी मुदत वाढत नाही.

आता मी निम्मे पैसे आधी घेतो. मध्यंतरी त्याच रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन आला, मेनूकार्डातले दर बदलायचे होते. म्हटलं, आधी जुनं बिल. त्यांनी दुसऱ्या पोराकडून दर बदलून घेतले. फायली त्यांच्याकडे होत्याच.